‘शारदा’तला म्हातारा वाकवू नका

आजच्या पोरांकडून ‘संगीत शारदा’ बसवायचं असेल, तर आधी त्यातल्या म्हाताऱ्या नवरदेवाच्या, भुजंगनाथाच्या हातातली काठी काढून घ्या. सोलापुरात मी कॉलेजच्या मुलांकडून त्यातले निवडक प्रवेश करून घेते. पहिल्याच वाचनाला भुजंगनाथ कमरेत वाकून थरथरायला लागतो. “काय करायलास रे?” म्हणून थांबवावं लागतं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ चं; त्यात पैशासाठी बाप कोवळ्या शारदेला या म्हाताऱ्याला द्यायला निघतो. त्यातल्या ‘म्हातारा इतुका न’ या पदात पाऊणशे वयाची थट्टा आहेच. पण त्या वयात तो स्वतःला नवरदेव समजतो, खरं हसू त्याचं येतं. म्हणून मिशीला कलप, आवाज खणखणीत, पाठ ताठ.

लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वराचं काम तुमच्यातल्या सगळ्यात गोडबोल्या नटाला द्या. चादरीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं घडी उलगडतात, तसं त्यानं स्थळ उलगडायचं. घरोघरी असा एक मध्यस्थ असतोच, त्यामुळं हशा हमखास.

खरी मेहनत शारदेच्या बापावर, कांचनभटावर घ्या. त्याला खलनायक करू नका, हिशेबी बाप करा. तालमीत त्याला खरी नाणी मोजायला द्या. मी त्याच वेळी मागं शारदेला तांदूळ निवडायला बसवते. तिनं मान वर करायची नाही. पहिल्या दहा-बारा नाण्यांना लोक हसतात, मग हळूहळू थांबतात. नुसती नाणीच ऐकू यायला लागली, की पुढचं वाक्य घ्या. त्याआधी घेतलंत तर प्रवेश फुकट गेला.

शारदेच्या आईच्या, इंदिराकाकूच्या कामाला मुलगा उभा करायचा मोह टाळा. जुन्या मंडळ्यांत पुरुषच बायकांची कामं करत, पण आज लोक लुगड्यालाच हसतील आणि आईचा विरोध वाहून जाईल. सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली मुलगी हे काम करणार असेल, तर तिचा हेल घासून काढू नका.

शेवटाकडचा सगोत्राचा भाग लांबतो म्हणून गाळतात. गाळू नका, त्याच्याइतका काळा विनोद अख्ख्या नाटकात नाही. लग्न मोडतं ते गोत्र एक निघालं म्हणून. मुलीला नको होतं, हे कारण कुणाला पुरलं नव्हतं. इथं सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडायचा आणि शारदेकडं एकानंही बघायचं नाही.

निवेदकालाही बजावून ठेवा: बालविवाह रोखणारा १९२९ चा सारडा कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा आहे, या शारदेच्या नव्हे.