अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी

सर्वोच्च न्यायालयात दाखल करायच्या अर्ज-याचिकांसाठी २०२० पासून ए-फोर कागद आहे: दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीडपट अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंमी आणि वर-खाली २ सेंमी समास. जुन्या, लांब लीगल कागदाच्या फाइलवरच नवा अर्ज टाइप केला की समास हमखास बिघडतो. माझं मात्र घोडं अडलं ते पानांच्या आकड्यांवर. आयत्या वेळी एक जोडपत्र घुसवलं. अनुक्रमणिकेत वकालतनामा (वकीलपत्र) पान ४१ वर, प्रत्यक्षात ४४ वर. लागली न्यायालयाच्या कार्यालयाची हरकत! सगळी पानं लागल्यावरच आकडे घाला, अनुक्रमणिका त्यानंतर. ई-फायलिंग असेल तर पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधून पाहा. सापडला नाही, तर ते नुसतं चित्र आहे. ओसीआर करून घ्या, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर होतो.