वृक्षतोडीनंतर भेकरांचा माग कसा काढावा
1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस बंदी असल्याने, मुंबईत राहून शहापूरकडे मालकी रान राखणाऱ्यांनी भेकरांचा, म्हणजे भुंकल्यासारखा आवाज काढणाऱ्या लहान जंगली हरणांचा, माग केवळ निरीक्षणासाठीच काढावा. परवानगी घेऊन साग तोडल्यावर जमिनीपर्यंत ऊन पोहोचते, पावसाळ्यात कोवळे फुटवे येतात आणि भेकरे पहाटे तेथे चरायला येतात. म्हणून उघड्यावर न बसता, आपला वास त्यांच्याकडे जाणार नाही अशा बेताने दाट झाडीच्या कडेला थांबावे. ओल्या मातीत अंगठ्याच्या पेराएवढे, दुभंगलेले टोकदार ठसे दिसतात. सगळे रान एकदम मोकळे करू नये, ही कळकळीची विनंती: आडोसा गेला की भेकरे टिकत नाहीत, आणि घाणेरीची (टणटणीची) झुडपे माजली तर चाराही उरत नाही. आवळा मात्र राखावाच. त्याची गळलेली फळे भेकरे आवडीने खातात.