गाडी थोडीच उंच करायची आहे? सस्पेन्शनचे भाग निवडताना या चुका टाळा

मुंबईत थार किंवा जिम्नी बाळगणारा माणूस आठवडाभर पूर्व द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत अडकलेला असतो आणि सुट्टीच्या दिवशी कर्जत किंवा इगतपुरीकडच्या चिखलवाटा धरतो. अशा वापरासाठी दीड इंच, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर, उंची वाढवली तरी पुष्कळ झाले. मात्र दुकानात आणि गॅरेजमध्ये सगळी बोलणी या एका आकड्याभोवती फिरतात. गाडीवर कायमचे वजन किती आहे, हे क्वचितच कोणी विचारते, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते.

स्प्रिंगची निवड उंचीवरून नव्हे, तर वजनावरून करायची असते. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) बसवली, तर पुढच्या बाजूला शंभर किलोच्या आसपास भार सहज वाढतो, आणि त्या भारासाठी बनवलेली स्प्रिंग त्या भाराखालीच ठरलेली उंची देते. पुढे कधीतरी असा बंपर लावायचाच आहे म्हणून जड भाराची स्प्रिंग आजच घेतली, तर गाडी हव्या त्यापेक्षा उंच राहते, खड्ड्यांत आदळते आणि ओल्या रस्त्यावर चाकांची पकड कमी होते. यावर उपाय साधा आहे. भिवंडी किंवा वाशीकडे गेलात, तर ट्रकच्या वजनकाट्यावर नेहमीच्या सामानासकट आधी फक्त पुढची चाके चढवून वजन घ्यावे, मग पूर्ण गाडीचे घ्यावे. वजाबाकी केली की मागचा भार कळतो. हे दोन आकडे हातात घेऊनच दुकानात जावे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. माझ्या जिम्नीला ४० मिलिमीटर जास्त उंचीच्या स्प्रिंग बसवताना एका गॅरेजने मूळचेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवावेत असे सुचवले, कारण ते नवेच होते, आणि मीही ते मान्य केले. त्यानंतर प्रत्येक गतिरोधक उतरताना मागून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. सांध्यांतले रबरी बुश बदलले, नटबोल्ट आवळले, तरी आवाज कायम राहिला. शेवटी गाडी चेसिसखाली जॅक लावून उचलली आणि चाके मोकळी लोंबू दिली, तेव्हा शॉकचा दांडा पूर्ण बाहेर येऊन अडकलेला दिसला. एक्सलचे सारे वजन त्या दांड्यावर पेलले जात होते. गाडी उंच झाल्याने उभ्या स्थितीतच शॉक जवळजवळ ताणलेला राहत होता आणि चाकाला खाली जायला जागाच उरली नव्हती. नव्या स्प्रिंगबरोबर त्याच लांबीला आणि त्याच कडकपणाला जुळणारे शॉक घेणे आवश्यक आहे, कारण मूळ शॉक कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही. चाके अशी लोंबत असतानाच ब्रेकचे रबरी पाइप आणि एबीएसच्या तारा बोटांनी हलवून पाहाव्यात. त्यात थोडी ढील उरलेली नसेल, तर लांब पाइप घ्यावेत.

स्पेसर (स्प्रिंगच्या जोडावर ठेवायची जाड चकती) स्वस्त पडतो म्हणून तो निवडणाऱ्यांनी एक हिशेब समजून घ्यावा. थारच्या पुढच्या बाजूला डबल विशबोन रचना (प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन बाहूंवर) आहे आणि स्प्रिंग-शॉकचा जोड चाकापासून आतल्या बाजूला बसतो; त्यामुळे जोडाच्या माथ्यावर २० मिलिमीटरचा स्पेसर ठेवला, तरी चाकापाशी उंची त्याहून बरीच जास्त वाढते. चाक लोंबताना विशबोन मूळ मर्यादेपेक्षा खाली जातो, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा कोन तीव्र होतो आणि त्यावरचा रबरी बूट (ग्रीस धरून ठेवणारे आवरण) फाटतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर प्रथम हेच तपासावे. जुन्या थारमध्ये टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) पिळून पुढची बाजू उचलण्याची पद्धत आहे. त्यात बार कडक होत नाही, फक्त चाकाची खाली जाण्याची चाल कमी होते.

जिम्नीसारख्या अखंड एक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाके एकाच सलग एक्सलवर असलेल्या) गाडीत दुखणे वेगळे असते. उंची वाढली की पुढच्या एक्सलचा कॅस्टर कोन (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टीअरिंग हलके लागते आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ होत नाही. एक्सलला आडवे धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडची लांबी तीच राहिल्याने एक्सल एका बाजूला सरकतो. अशा वेळी नुसते व्हील अलाइनमेंट करून भागत नाही; कॅस्टर दुरुस्त करणारे बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड स्प्रिंगच्या अंदाजपत्रकातच धरावेत.

आणखी एक गैरसमज असा, की सस्पेन्शन उंच केले म्हणजे दगड लागणार नाही. अखंड एक्सलच्या गाडीत उचलली जाते ती फक्त बॉडी. डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा फुगीर डबा) जमिनीपासून तितकेच राहते; टायर मोठे घातले तरच ते उचलले जाते, तेही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्मेच. जिम्नीचे १९५/८० आर १५ टायर काढून २१५/७५ आर १५ घातले, तर व्यास सुमारे १० मिलिमीटरने वाढतो, म्हणजे डिफरन्शियलखाली केवळ ५ मिलिमीटर जागा मिळते.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपमध्ये पाटे बदलताना ते एक्सलला जखडणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण ते एकदा ताणले गेलेले असतात.

कायद्याची बाजूही आधी पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निकाल यांमुळे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर निर्बंध आहेत. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीकडे अगोदर विचारणा करावी. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर त्यावर लिहिलेली कमाल उंचीही मोजून घ्यावी.

काम सुरू होण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजले, तर टायरमधील हवेमुळे आकडा फसवतो. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू देऊ नयेत, अन्यथा चाके जमिनीवर येताच बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. हेडलाइटचा झोत त्याच दिवशी खाली करून घ्यावा, आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत.