मॅनिटॉलचे दोन तुकडे करताना या चुका टाळा

सहा कार्बनच्या साखरेतून तीन कार्बनचा, एकाच त्रिमितीय रचनेचा तुकडा हवा असेल तर डी-मॅनिटॉलसारखा कच्चा माल नाही. मॅनिटॉल म्हणजे साखरेपासून मिळणारं, अनेक ओएच गट असलेलं अल्कोहोल. त्याचा रेणू सममित आहे. दोन्ही टोकं अ‍ॅसिटोनाइडने (अ‍ॅसिटोनपासून बनणारं, शेजारचे दोन ओएच झाकणारं तात्पुरतं आवरण) झाकून तिसऱ्या-चौथ्या कार्बनमधला बंध तोडला की दोन्ही अर्ध्या भागांतून एकच पदार्थ मिळतो, डी-ग्लिसराल्डिहाइड अ‍ॅसिटोनाइड. बेअर आणि फिशर यांनी 1939 साली हे लेड टेट्राअ‍ॅसिटेटने केलं. आता त्याच कामासाठी सोडियम मेटापरआयोडेट (थोडक्यात परआयोडेट) वापरतात.

पहिली चूक तोडण्याआधीच होते. आम्ल आणि अभिकर्मक सढळ हाताने घातले की मधले दोन ओएचसुद्धा झाकले जातात आणि ट्रायअ‍ॅसिटोनाइड बनतं. त्यावर परआयोडेट काहीच करू शकत नाही, कितीही घाला. म्हणून डायअ‍ॅसिटोनाइड (फक्त दोन्ही टोकं झाकलेलं मॅनिटॉल) स्फटिकरूपात शुद्ध करूनच पुढे जा.

दुसरी गोष्ट पाण्याची. 50 ग्रॅम डायअ‍ॅसिटोनाइडला अर्धा लिटर डायक्लोरोमिथेन आणि फक्त 20 मिली संपृक्त सोडियम बायकार्बोनेट पुरतं. पाणी नसेल तर परआयोडेट विरघळतच नाही. जास्त झालं तर अल्डिहाइडला पाणी जोडलं जाऊन त्याचं हायड्रेट होतं आणि माल पाण्यात अडकतो. परआयोडेट थोडं थोडं घाला, तापमान 35 अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

पण खरं नुकसान होतं ते यानंतर. ताजं ऊर्ध्वपातन केलेलं अल्डिहाइड पातळ असतं. ठेवून दिलं की घट्ट, चिकट होतं आणि एनएमआरमधला (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) 9.7 पीपीएमजवळचा अल्डिहाइडचा सिग्नल खाली बसतो. ऑक्सिडेशन फसलं असं समजून लोक सगळं ओतून देतात. तसं करू नका. हे बहुलकीकरण आहे, म्हणजे अल्डिहाइडचे रेणू एकमेकांना जोडले गेलेत. कमी दाबाखाली तापवून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं तर बराच माल परत मिळतो. त्याच दिवशी वापरायचं नसेल तर डायअ‍ॅसिटोनाइडवरच थांबा. रोटाव्हॅपवर (द्रावक उडवण्याचं फिरतं यंत्र) गरम बाथ आणि जोरदार व्हॅक्यूम एकदम नको, अल्डिहाइड उडून जातं.

यील्ड (किती टक्के माल मिळाला ते) काढताना एका मोलचे दोन मोल होतात हे विसरू नका. 26.2 ग्रॅम डायअ‍ॅसिटोनाइडमधून जास्तीत जास्त 26.0 ग्रॅम अल्डिहाइड निघेल.

असंच तोडणं ग्लुकोजवरही करतात. ग्लुकोजच्या 4,6-एथिलिडीनपासून (चौथ्या-सहाव्या कार्बनचे ओएच झाकलेलं ग्लुकोज) चार कार्बनचं एरिथ्रोज करताना परआयोडेट 2 मोल लागतं आणि 2 मोल फॉर्मिक आम्ल सुटतं, तेव्हा पीएच सांभाळा. तिथे एनएमआरमध्ये अल्डिहाइडचा ठसठशीत सिग्नल शोधत बसू नका. माल बराचसा डायमर (दोन रेणू जोडलेल्या) रूपात असतो.