वॉशिंग मशीन बिघडलं? मागचं झाकण उघडण्याआधी या चुका टाळा

मशीन अडलं की घरात दोनच निदानं होतात: 'मोटर गेली' नाहीतर 'पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला'. दोन्ही महागडी, आणि बहुतेक वेळा चुकीची. मशीनला पाणी आत यावं लागतं, बाहेर जावं लागतं, वीज धड मिळावी लागते आणि उभं राहायला सपाट जागा लागते. यातलं काहीही अडलं तरी ते थांबतं, आणि हे सगळं पाना-स्क्रूड्रायव्हर न घेता बघता येतं. तरी आधी हात जातो तो मागच्या स्क्रूंकडेच.

डिस्प्लेवर काय लिहून आलंय ते न वाचताच स्विच बंद-चालू करत बसणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एलजीच्या मशीनवर 'आयई' म्हणजे पाणी येत नाही, 'ओई' म्हणजे पाणी जात नाही, 'यूई' म्हणजे कपड्यांचा तोल बिघडलाय. सॅमसंगवर '४सी' आणि '५सी' म्हणजे अनुक्रमे पाणी येण्याची आणि जाण्याची तक्रार. बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मेकॅनिक आलाच तर त्याचाही वेळ वाचतो.

पाणी येत नसेल तर व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप, बदलायची घाई नको. नळ बंद करून मशीनमागचा पाइप सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. सोसायटीची टाकी धुतल्यावर किंवा पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर ती रेती आणि गंजानं बुजते. पकडीनं अलगद ओढा, जुन्या टूथब्रशनं घासा, परत बसवा. 'जाळीशिवाय पाणी जोरात येतं' म्हणून ती फेकणारेही आहेत; मग तीच रेती व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते, आणि मशीन बंद असतानाही आत पाणी ठिबकत राहतं. जाळी स्वच्छ असूनही धार बारीक असेल तर दाब कमी आहे. बऱ्याच फुल्ली ऑटोमॅटिक मशीनना सुमारे ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापासून साधारण ३ मीटर उंच हवं. टाकीला लागूनच खाली असलेल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर तेवढी उंची मिळत नाही. तिथे तीन व्हॉल्व्ह बदललेत तरी मशीन रडणारच.

पाणी बाहेर न जाणं हा मात्र रोजचा प्रकार. फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात एक छोटं दार असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. ते झाकण सरळ फिरवून काढलं की अर्धी बादली पाणी थेट फरशीवर येतं. आधी प्लग काढा, गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर तासभर थांबा, खाली परात सरकवा. शेजारी बारीक नळी असेल तर तिनं पाणी सोडा, मगच झाकण फिरवा. नाणी, हेअरपिन, मुलांच्या खिशातले खडे, टिश्यूचा लगदा असं काहीही निघतं. मग मोबाइलचा टॉर्च लावून आतल्या पंखाकडे बघा आणि बोटानं फिरवा. तो झटके देत फिरतो. त्यात चुंबक असतो, त्यामुळे ते झटके नेहमीचेच आहेत. 'पंप जाम झालाय' म्हणून नवा आणू नका. अजिबात हललाच नाही, तर त्याच्या मुळाशी दोरा किंवा केस गुंडाळलेत का ते पाहा.

ड्रेन पाइपची उंचीही नडते. पंपवाल्या मशीनचा पाइप पार खाली मोरीत सोडला की भरणारं पाणी त्याच वेळी वाहून जातं आणि मशीन नुसतं भरतच बसतं. याउलट, पंप नसलेल्या टॉप लोडचा पाइप उचलून बेसिनमध्ये टाकला की पाणी जातच नाही. आपलं कुठलं, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती फ्रिजवरच्या जुन्या बिलांखाली सापडेल.

सेमी ऑटोमॅटिकच्या तक्रारी वेगळ्या. 'घूं' आवाज येतोय पण फिरत नाही, म्हणजे मोटर जळाली असं धरून चालू नका. प्लग काढून पुली हातानं फिरवा. सहज फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा भाग) मेलाय, आणि तो मोटरच्या मानानं फारच स्वस्त. मात्र प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते. टोकांना हात लावू नका. जुना पिवळा बल्ब होल्डरसकट टोकांना लावून तो रिकामा करा. हे जमणार नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नको.

स्पिनला धडधड झाली की लगेच 'बेअरिंग गेलं'. आधी दार उघडून बघा: चादरीनं बाकीचे कपडे पोटात घेऊन गोळा केलाय का? एकटी गोधडी किंवा जड टॉवेल टाकला तरी मशीन तोल साधत बसतं आणि डिस्प्लेवरची मिनिटं सरकत नाहीत. गोळा सोडवा, दोन कपडे वाढवा. घर बदलल्यानंतर नाच सुरू झाला असेल तर पाय नीट टेकलेत का ते पाहा. बाथरूमची फरशी उताराचीच असते. नवं फ्रंट लोड असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत ना, हेही. बेअरिंग तपासायचं तर रिकामा ड्रम हातानं फिरवा आणि वरचा काठ धरून वर-खाली हलवा. बाहेरच्या टबासकट हलला तर ठीक. ड्रम एकटाच लटपटला किंवा फिरताना खरखरला, तर बेअरिंगची शंका खरी. ते काम घरी करू नका, पूर्ण मशीन सोलावं लागतं.

फेसाचंही असंच. हातानं धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेसामुळे स्पिन वेग घेत नाही, पाणी नीट उपसलं जात नाही, आणि दोष पंपाला. पावडर न टाकता एकदा मशीन फिरवलं की पुरे.

विजेशी मात्र हुशारी नको. हीटरवालं मशीन २००० वॅट खेचत असेल तर २३० व्होल्टला ते पावणेनऊ अँपिअर होतात. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून ते चालवलं की प्लग आधी कोमट लागतो, मग तपकिरी पडतो. १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर 'चप्पल घालून वापरा' हा उपाय नव्हे. वापर बंद, आधी अर्थिंगची तपासणी.

हीटरवरचा क्षार काढायला सायट्रिक ॲसिड चालतं, पण त्यासोबत ब्लीच कधीही टाकू नका. क्लोरीन वायू तयार होतो.

सगळं पाहून झालं आणि तरी मशीन गपगार असेल, तर शेवटी खालून टॉर्च मारा. उंदरानं कुरतडलेल्या वायरचा रंगीत भुगा दिसला तर पीसीबी शाबूत असण्याची बरीच शक्यता आहे. वायर जोडून घ्या, खाली जाळी बसवा. पीसीबीच बदलायचा ठरला तर मेकॅनिकला आधी जोडण्यांचा फोटो काढू द्या आणि जुना बोर्ड घरीच ठेवून घ्या. बोर्ड दुरुस्त करणारे बाजारात असतात, नव्याच्या किमतीला होकार देण्याआधी तिथे विचारता येतं.