नव्या देशात किनाऱ्यावरून गरवायला सुरुवात करताना

नव्या देशात स्थिरावल्यावर किनाऱ्यावरून गरवायला, म्हणजे काठीने गळ टाकून मासे पकडायला, सुरुवात करायची असेल, तर काठी आणि रीळ विकत घेण्याआधी त्या देशाच्या मत्स्य विभागाचे नियम नीट वाचून काढावेत. एका किनाऱ्यावर जे उघडपणे चालते, ते दुसऱ्या किनाऱ्यावर दंडास पात्र ठरते, आणि ‘मी इथे नवीन आहे’ हे कारण तपासनीस सहसा ऐकून घेत नाहीत. इंग्लंडमध्ये समुद्रात काठीने गरवण्यासाठी परवाना लागत नाही, मात्र नदीत किंवा तळ्यात गरवायला १३ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो घ्यावा लागतो. पोर्तुगालमध्ये समुद्रकिनाऱ्यावरही परवाना लागतो. अमेरिकेत परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक धक्क्यावरून समुद्रात गरवायला तो लागत नाही, पण त्याच धक्क्याशेजारच्या वाळूवर उभे राहिल्यास लागतो. न्यूझीलंडमध्ये हौशी माणसाला समुद्रासाठी परवाना नाही, परंतु माशाचा आकार आणि दिवसाची संख्या यांची मर्यादा काटेकोरपणे तपासली जाते.

परवान्याइतकेच महत्त्व मापाच्या पद्धतीला आहे. इंग्लंडमध्ये सी बास हा मासा ४२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडावा लागतो आणि ते माप तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरतात; न्यूझीलंडमध्ये माप शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतच धरले जाते. त्यामुळे मोजपट्टी जवळ असणे पुरेसे नाही, ती कुठून कुठपर्यंत धरायची हेही ठाऊक असावे लागते. नावांवरही विसंबू नये. ऑस्ट्रेलियातील ‘ऑस्ट्रेलियन सॅल्मन’ हा मासा खऱ्या सॅल्मनच्या कुळातला नाही, आणि ‘स्नॅपर’ या एकाच नावाने वेगवेगळ्या समुद्रांत अगदी वेगळे मासे ओळखले जातात. नियम जातीनुसार असल्याने आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळणाऱ्या सात-आठ माशांची चित्रे शास्त्रीय नावांसह फोनमध्ये साठवून ठेवावीत. जो मासा ओळखता येत नाही तो पाण्यात परत सोडावा.

जुनी काठी आणि रीळ सोबत नेणार असाल तर ती आधी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे वापरलेले मासेमारीचे सामान विमानतळावर जाहीर करावे लागते, कारण ओलाव्यातून आणि चिखलातून परके जीव व रोग पसरतात. आमिष तर सीमेपलीकडे कधीच नेऊ नये.

यानंतर खरा अभ्यास भरती-ओहोटीचा करावा लागतो, आणि इथेच जुन्या समुद्रावरचा अनुभव सर्वांत जास्त फसवतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, हा चंद्राचा हिशेब तिथेही कामी येतो. पण पाणी किती चढणार आणि किती वाजता चढणार, हे त्या किनाऱ्याच्या आकारावर अवलंबून असते. मेक्सिकोच्या आखातात पुष्कळ ठिकाणी दिवसातून एकच भरती येते. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच भागात चढउतार अर्ध्या मीटरहूनही कमी असतो, तर कॅनडातील फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरच्या आसपास जातो. म्हणून जवळच्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक मिळवावे आणि वेळेइतकेच उंचीच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग येतो, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. सहा मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम अर्धा मीटर चढते, पण तिसऱ्या तासात दीड मीटर. वाळूच्या दांड्यावर किंवा खडकाच्या टोकावर निर्धास्त उभा असलेला नवखा माणूस पाठीमागून पाण्याने वेढला जातो तो याच मधल्या दोन तासांत. गरवण्याच्या दृष्टीनेही हेच वाहते तास बहुधा चांगले असतात, कारण प्रवाहाबरोबर खाद्य हलते आणि मासे त्याच्या मागे येतात. त्यामुळे परतीची वाट आधी ठरवावी आणि मगच गळ टाकावा.

पहिला फेरफटका काठीशिवाय, पूर्ण ओहोटीच्या वेळी करावा, असा माझा आग्रह आहे. वाळूचा जो किनारा भरतीत सपाट पाण्याखाली दिसतो, तो ओहोटीत आपले खळगे, चर आणि खडकांच्या रांगा उघड्या करतो. भरतीत मासे त्याच चरांमधून आत येतात. त्यांचे फोटो काठावरच्या एखाद्या ठळक खुणेसह काढून ठेवावेत. पुन्हा भरतीत पाहिले की उथळ दांड्यावर लाटा पांढऱ्या फुटताना दिसतात आणि मधला गडद, शांत पट्टा म्हणजे खोल चर हे लक्षात येते. हा चर पुष्कळदा काठापासून वीस-तीस मीटरवरच असतो, आणि नवखे लोक जोर लावून त्याच्या पलीकडे गळ फेकत राहतात. मात्र जोराने बाहेर ओढणारा प्रवाहही अशाच शांत पट्ट्यातून जातो, तेव्हा तिथे पाण्यात उतरू नये.

सामान साधेच पुरते. पावणेतीन ते तीन मीटरची काठी, मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ आणि ०.३५ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, एवढ्यावर धक्का आणि शांत किनारा दोन्ही सांभाळता येतात. गळ लांब फेकण्यासाठी दोऱ्याला लावतात त्या ३० ग्रॅमपर्यंतच्या वजनासाठी हा दोरा पुरतो. त्याहून जड वजन फेकायचे असेल तर पुढे जाड दोऱ्याचा तुकडा जोडावा. दर २८ ग्रॅम वजनामागे सुमारे साडेचार किलोची ताकद असा अंदाज धरतात, म्हणजे १०० ग्रॅमसाठी साधारण १६ किलोचा. हा तुकडा काठीच्या दुप्पट लांबीहून थोडा अधिक ठेवावा, जेणेकरून फेकण्याच्या क्षणी त्याचे काही वेढे रिळावर राहतील. हे टाळल्यास फेकताना दोरा तुटतो आणि वजन गोळीसारखे सुटते. काही देशांत शिशाच्या वजनांवर बंदी आहे, तेही विचारून घ्यावे.

मांडणी म्हणून मुख्य दोऱ्यात सरकते वजन ओवावे, त्याखाली मणी आणि स्विव्हल, म्हणजे दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी, बांधावे आणि स्विव्हलपासून अर्धा मीटर दोऱ्यावर गळ ठेवावा. गाठ एकच नीट शिकावी: दोरा गळाच्या डोळ्यातून घालून स्वतःभोवती पाच-सहा वेळा गुंडाळावा, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या वेढ्यातून काढावे, गाठ ओली करून सावकाश आवळावी. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापून कमजोर होते. आमिषासाठी कोळंबी आणि माकूळ जवळपास सर्वत्र चालतात. किनाऱ्यावरचे किडे किंवा शिंपले उकरण्यावर मात्र अनेक ठिकाणी निर्बंध असतात.

खडकावरून गरवणे पहिल्या वर्षी तरी टाळावे. पुढे कधी गेलात तर एकटे जाऊ नये आणि सुरक्षित अंतरावरून निदान वीस मिनिटे लाटा पाहाव्यात, कारण मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांमधली शांतता बरीच लांब असू शकते. ओला, शेवाळलेला खडक म्हणजे लाटा तिथवर येतात याची खूण. जीवरक्षक जाकीट घालावे. न्यू साउथ वेल्सच्या काही भागांत ते कायद्यानेच बंधनकारक आहे. आपत्कालीन क्रमांक पाठ असावा: युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११.

अनोळखी मासा उघड्या हातात घेऊ नये. युरोपच्या वाळूत राहणाऱ्या वीव्हर माशाच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, उष्ण समुद्रात पाकट आणि दगडमासा असतात. असा काटा लागल्यास तो भाग सहन होईल इतक्या गरम पाण्यात किमान अर्धा तास बुडवून ठेवावा, कारण या विषांचा जोर उष्णतेने कमी होतो, आणि वैद्यकीय मदत घ्यावी. फुगणारा मासा कितीही शिजवला तरी त्याचे विष जात नाही. बंदराच्या पाण्यातील मासे खाण्याआधी तिथल्या आरोग्य विभागाची सूचना पाहावी.

सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक थर निघून जातो. गळ खोल गिळला असेल तर तो ओढू नये, दोरा तोंडाजवळ कापून मासा पाण्यात सरळ धरावा आणि तो स्वतः शेपटी हलवून निघेपर्यंत हात काढू नये. ठेवायचा मासा लगेच डोक्यावर घाव घालून मारावा आणि बर्फात ठेवावा. तुटलेले तंगूस पक्ष्यांच्या पायांत अडकते, म्हणून त्याचा प्रत्येक तुकडा पिशवीत घालून घरी आणावा, आणि त्याच रात्री काठी व रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुऊन ठेवावीत.