रिपॉटिंगनंतर बोन्सायची पानं गळतायत? आधी झारी खाली ठेवा

फायकसचं, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाचं, रिपॉटिंग (मुळं छाटून नवीन मातीत लावणं) करून आठ-दहा दिवस झाले की पानं पिवळी पडून ट्रेमध्ये गळायला लागतात, मग माणूस घाबरतो आणि जो भेटेल त्याला विचारतो, आणि दहातले आठ जण सांगतात की पाणी वाढव, थोडं खत घाल. दोन्ही करू नका. हे मी वड, पिंपळ आणि इतर फायकस अशा चीक येणाऱ्या झाडांबद्दल लिहितोय. जुनिपर या सूचिपर्णी झाडाचं गणित वेगळं, ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं.

आधी झाड जिवंत आहे का बघा. बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं तर फांदी चांगली आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली या, परत बघा. अजून एक खूण म्हणजे पानं स्वतःहून गळत असतील तर ते चांगलं, कारण पान टाकून द्यायलाही झाडात जीव लागतो. पानं वाळून कुरकुरीत होऊन फांदीलाच चिकटून राहिली तर मात्र ती फांदी बहुतेक गेलेली असते.

झाड सावलीत पण भरपूर उजेडात ठेवा, दुपारचं ऊन आणि वारा नको. खोड हलतंय का बघा, हलत असेल तर ट्रेच्या भोकांतून तार घालून बांधून टाका, कारण झाड हललं की नवीन कोवळी मुळं तुटतात.

आता पाणी. माझा पहिला वड मी यातच घालवला. मुळं छाटलेली, वर पानं गळून गेलेली, म्हणजे झाड पाणी पिणार किती? अगदी थोडं. आणि मी मे महिना आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ झारी धरत होतो. तीन आठवड्यांनी उपटून बघितलं तर मुळं काळी, गटारासारखा वास, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. तो वड मी सहा वर्षं वाढवला होता. अजून वाईट वाटतं.

लोकांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. पाणी निथळल्यावरही कुंडीच्या तळाशी ओल्या मातीचा एक थर राहतोच, आणि त्याची उंची मातीवर ठरते, कुंडी किती खोल आहे त्यावर नाही. उंच कुंडीत तो तळाशी पडून राहतो, पण बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये अर्धी मुळं त्याच थरात बसलेली असतात. म्हणून पाणी घातल्यावर ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवा, पंधरा मिनिटं तिरका ठेवा, बघा अजून किती पाणी गळतं ते.

पाणी कधी द्यायचं हे घड्याळ बघून ठरवू नका. चायनीजच्या पार्सलबरोबर येते ना ती बांबूची चॉपस्टिक, ती कडेला तळापर्यंत खोचून ठेवा, रोज सकाळी काढून गालाला लावा. गार, ओलसर लागली तर पाणी नाही. कोरडी वाटायला लागली की मग भरपूर द्या, भोकातून वाहीपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, वरची माती ओली दिसते आणि आत काय चाललंय ते कळत नाही.

हवा कोरडी असेल तर झाडावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी तंबूसारखी घाला, काड्या लावून, पानांना न टेकवता. उन्हात ठेवायची नाही, आत झाड शिजतं. रोज दहा मिनिटं उघडा नाहीतर बुरशी येते.

मातीला कुबट वास आला तर थांबू नका. झाड काढा, काळी मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, आणि ट्रेचा हट्ट सोडून खोल साध्या कुंडीत, चाळून धूळ काढलेल्या विटेच्या बारीक तुकड्यांत लावा. शोभेचा ट्रे पुढच्या पावसाळ्यात.

फांदीच्या टोकाला टोकदार कोंब दिसला तरी खत नाही. ती नवी पानं पूर्ण उघडून गडद आणि जाड झाली की मग अर्ध्या प्रमाणात द्या. छाटणी, फांद्यांना वळण द्यायची तार वगैरे त्या वर्षी काही नको.